नव्वदीचे स्मरणरंजन आणि आपला हिशेब

नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध ज्यांनी शाळेच्या वरच्या वर्गांत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात घालविला, ती पिढी आता चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आहे. बँकांत, शाळांत, वृत्तपत्रांत, गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणींत आणि राजकीय पक्षांच्या दुसऱ्या फळीत आज तीच माणसे बसलेली दिसतात. वयाचा हा टप्पा आला की माणूस मागे वळून पाहू लागतो. त्यात वावगे काही नाही. आमच्या आधीच्यांनी बेचाळीसच्या आणि आम्ही आणीबाणीच्या आठवणी काढून धाकट्यांना पुष्कळ कंटाळा आणलेला आहे. तेव्हा इतरांनी आठवणी काढू नयेत, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

परंतु या आठवणींचे जे रूप गेली काही वर्षे बाजारात आले आहे, ते तपासून पाहण्यासारखे आहे. रंगीत पानांचे स्लॅमबुक, मनगटावरचे फ्रेंडशिप बँड, आर्चीजची शुभेच्छापत्रे, कोऱ्या कॅसेटवर दुकानदाराकडून भरून घेतलेली गाणी, केबलवरील एमटीव्ही आणि चॅनेल व्ही, एप्रिल १९९८ मध्ये शारजाला सचिन तेंडुलकरने लागोपाठच्या सामन्यांत केलेली दोन शतके, त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आलेला ‘कुछ कुछ होता है’ अशी ही यादी असते. यादीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते : तेव्हा सगळे कसे साधे आणि निरागस होते! हे वाक्य आम्हांला खटकते. निरागसपणा त्या मुलांचा होता, त्या काळाचा नव्हता. शिवाय या यादीतील वस्तू ज्यांच्या हाती आल्या त्यांनी, ज्यांच्या हाती त्या कधीच आल्या नाहीत त्यांच्याही वतीने, ‘आपण सगळे’ असे परस्पर म्हणून टाकले आहे.

शाळकरी मुलांच्या आवडीनिवडी हा संपादकीयाचा विषय होऊ शकतो काय, असे काही वाचकांना वाटेल. जागतिक व्यापार संघटना, नर्मदा, एन्रॉन हे त्या वर्षांतले खरे विषय होते, असेही कोणी म्हणेल. ते होतेच. पण राजकारण ज्या मनांवर उभे राहते ती मने घडतात पंधराव्या-सोळाव्या वर्षी, आणि ती घडत असताना आपण कोठे होतो, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारलेला नाही. म्हणून एका किरकोळ वस्तूपासूनच सुरुवात करू. ती वस्तू म्हणजे शीतपेयाची बाटली.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी येथील व्यवसायातील आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा, असे बंधन आले. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आल्यावर उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी कोका-कोला कंपनीला त्या बंधनाची आठवण करून दिली. पेयाचे गुपित उघड करण्यापेक्षा देश सोडलेला बरा, असे कंपनीने ठरविले आणि ती गेली. ज्या देशात हजारो खेड्यांना पिण्याचे पाणी नाही, तेथे रंगीत गोड पाणी विकून नफा बाहेर नेणाऱ्याला कोणीतरी जाब विचारला, याचा आनंद त्या वेळच्या कार्यकर्त्यांना झाला आणि तो योग्यच होता. पाठोपाठ सरकारने ‘डबल सेव्हन’ नावाचे स्वतःचे पेय काढले. ते चालले नाही. समाजवाद्यांनी पेये तयार करण्याच्या भानगडीत पडू नये, एवढाच बोध त्यातून कोणी काढला तर आमची हरकत नाही.

सोळा वर्षांनी, १९९३ च्या ऑक्टोबरात, तीच कंपनी परत आली आणि आल्याबरोबर थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पार्लेची पेये तिने ताब्यात घेतली. पेप्सी तिच्या आधीच येऊन बसलेली होती. यानंतर या दोन कंपन्यांमध्ये जे युद्ध जुंपले त्याचे रणांगण कोणते होते? गृहिणी नव्हती, घरचा कर्ता पुरुषही नव्हता. आपल्याकडील जाहिरात तोपर्यंत बहुतेक वेळा आईला साबणाविषयी आणि बापाला स्कूटरविषयी काही सांगत असे. मुलगा चित्रात असला तर तो हसण्यापुरता असे. आता जाहिरात थेट पंधरा वर्षांच्या मुलाशी बोलू लागली. त्याला तिने एकेरीत, मित्रासारखे हाक मारले, वडीलधाऱ्यांची थोडी टिंगल केली, आणि तुला काय हवे आहे ते आम्हांला कळते, असे सांगितले. त्या वयाच्या मुलाला असे कोणीही सांगितलेले नव्हते. घरात त्याला गप्प बसविले जात होते, शाळेत पाठांतर करविले जात होते, आणि आपल्या शिबिरांतून त्याच्यापुढे भाषणे होत होती.

१९९६ च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचे अधिकृत पेय होण्याचा मान कोका-कोलाने पैसे मोजून मिळविला. तेव्हा पेप्सीने खेळाडूंनाच पुढे करून, आमच्यात अधिकृत असे काहीच नाही, अशा आशयाची घोषणा दिली आणि सारी तरुण मुले त्या घोषणेवर लुब्ध झाली. हे प्रकरण आम्ही वर्गात शिकवावे इतके बोधप्रद मानतो. अधिकृत गोष्टीला नकार देणे, शिक्के झुगारणे, मान्यवरांना न जुमानणे हा तरुणपणाचा सहजधर्म आहे आणि चळवळींचे सारे बळ त्यावर असते. जगातल्या एका बलाढ्य कंपनीने हा नकारच बाटलीत भरला आणि बंड करण्यासाठी आता बाटलीचे बूच काढण्यापलीकडे काही करावयास नको, अशी सोय करून दिली. आम्ही त्या वेळी चंगळवादावर अग्रलेख लिहीत होतो. चंगळ हा शब्द चुकीचा होता, असे आता वाटते. मुलांना चंगळ नको होती. त्यांना नकार द्यावयाचा होता, आणि तो देण्याची एकच जागा त्यांना दाखविली गेली.

१९९८ साली त्याच पेयाची नवी घोषणा आली : हे मन आणखी मागते आहे, अशा अर्थाची. त्याच वर्षी ११ आणि १३ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या, २८ मे रोजी पाकिस्तानने चाचण्या करून उत्तर दिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात कारगिल घडले. घराघरांतील दूरचित्रवाणीवर पाहिलेले हे आपले पहिले युद्ध. ज्या पडद्यावर जून १९९९ मध्ये मँचेस्टरचा भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना दिसत होता त्याच पडद्यावर, कधीकधी त्याच संध्याकाळी, तोफा दिसत होत्या, आणि दोहोंच्या मध्ये त्याच जाहिराती होत्या. कॅप्टन विक्रम बात्रा या चोवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने शिखर सर केल्यावर विजयाची खूण म्हणून शीतपेयाची तीच घोषणा उच्चारली आणि ती देशभर दुमदुमली. ७ जुलै रोजी त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या तरुणाच्या शौर्याविषयी बोलण्याची आमची पात्रता नाही, आणि मृत्यूच्या दाराशी माणूस कोणते शब्द उच्चारतो यावर टीका करणे हा कोतेपणा होईल. आमचा प्रश्न शब्द पुरविणाऱ्यांविषयी आहे. बाजाराने मुलांच्या तोंडी दिलेले वाक्य एका वर्षात रणघोष झाले, आणि रणघोष झाल्यामुळे पेय आणखी खपले. सरकारी आकड्यानुसार त्या युद्धात ५२७ भारतीय सैनिक मरण पावले. त्यांतले बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते. त्यांच्या वयाच्या दुसऱ्या मुलांना तो उन्हाळा क्रिकेटसारखा आठवतो, यात त्या मुलांचा दोष किती आणि आपला किती?

याच ठिकाणी एक कडू गोष्ट टाळता येत नाही. १९७७ साली ज्यांनी त्या बाटलीला देशाबाहेर काढले ते जॉर्ज फर्नांडिस १९९८ साली संरक्षणमंत्री होते. अण्वस्त्रांना विरोध करण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनीच पोखरणचे समर्थन केले. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसात मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जाळून मारली गेली, तेव्हा पाहणीस गेलेल्या तीन मंत्र्यांत जॉर्ज होते, आणि या हत्याकांडामागे आंतरराष्ट्रीय कट असल्याचे त्या मंत्र्यांना दिसले. १९७४ चा रेल्वे संप, मुंबईच्या रस्त्यावरच्या कामगारांची संघटना, आणीबाणीतल्या बेड्या, यांपैकी काहीही आम्ही विसरलेलो नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा आमच्यापैकी अनेकांचे डोळे ओले झाले. पण १९९८ साली जो मुलगा सोळा वर्षांचा होता त्याने जॉर्जना पाहिले ते कुर्ता घातलेले, बर्फात सैनिकांना भेटावयास जाणारे, भाजपच्या सरकारातील एक मंत्री म्हणून. समाजवादी म्हणजे काय असे त्याने विचारले असते तर त्याला कोणाकडे बोट दाखविले असते? उत्तर सुचत नाही, हे कबूल केले पाहिजे.

महाराष्ट्रात त्या वेळी, मार्च १९९५ पासून ऑक्टोबर १९९९ पर्यंत, शिवसेना-भाजप युतीचे राज्य होते. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन नाचला. बेकार मराठी तरुणांना रोजगार मिळवून देण्यासाठी म्हणून शिव उद्योग सेना निघाली होती. तिच्या मदतीसाठी हा कार्यक्रम योजिला गेला आणि सरकारने त्यावरचा करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने त्याला उच्च न्यायालयात हरकत घेतली. ते भांडण इतके लांबले की कराचे तीन कोटींहून अधिक रुपये आयोजकांना परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो २०२१ च्या जानेवारीत. तोपर्यंत जॅक्सनला जाऊन साडेअकरा वर्षे झाली होती. त्या रात्रीच्या नाचाची आठवण आजही निघते आणि आम्ही ती हिरावून घेऊ इच्छीत नाही. नाच उत्तम होता, असे पाहणारे सांगतात. किती बेकारांना त्यातून काम मिळाले, हे मात्र कोणाच्या आठवणीत नाही.

त्यानंतर साडेआठ महिन्यांच्या आत, ११ जुलै १९९७ च्या सकाळी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक महामार्गावर जमले, राज्य राखीव दलाने गोळीबार केला, दहा माणसे मेली. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपविले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली ती २००९ साली, बारा वर्षांनी, आणि पुढे ती स्थगित झाली. अंधेरी आणि घाटकोपर ही एकाच शहराची उपनगरे. ज्या मुलाने त्या सकाळी महामार्गाच्या कडेने शेजाऱ्याचा देह उचलताना पाहिला, तोही तेव्हा कदाचित पंधरा वर्षांचाच होता. त्याच्याही मनगटावर फ्रेंडशिप बँड असेल. नव्वदीच्या निरागसतेच्या यादीत त्याची ती सकाळ कोणी घालीत नाही.

गिरणगावाविषयी थोडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप कधीच मागे घेतला गेला नाही, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. दत्ता सामंत यांची पवईत भर रस्त्यात हत्या झाली. दशक संपण्याच्या सुमारास लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अॅली सुरू झाली, जेथे श्रीमंत घरांतील मुले जड चेंडू घरंगळत सोडून लाकडी खुंट्या पाडीत. संपकरी कामगाराचा मुलगा तेव्हा वयात येत होता. त्याला त्या आवारात प्रवेश मिळाला तर तो पहारेकऱ्याच्या गणवेशात किंवा चेंडू पुसण्याच्या कामावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा शहराच्या मोकळ्या जागांसाठी आणि एक सार्वजनिक घरबांधणीसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातील रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि वाटे नाममात्र उरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मुलांना खेळण्यासाठी जी मैदाने मिळावयाची होती, त्यांच्या जागी खेळाची दुकाने आली.

येथवर आम्ही जे लिहिले ते आपल्या वाचकांना पटेल, कारण ते आपल्या सवयीचे आहे. दोष भांडवलशाहीचा, दोष जमातवादाचा. पुढचा भाग तितका सुखाचा नाही.

२ डिसेंबर १९९८ रोजी शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत ‘फायर’ चित्रपटाचे खेळ बंद पाडले, चित्रपटगृहांची मोडतोड केली. त्या सुमारास आणि पुढील काही वर्षे १४ फेब्रुवारी आला की शुभेच्छापत्रांच्या दुकानांवर हल्ले होत, पत्रांच्या होळ्या होत, बागांतून आणि समुद्रकाठच्या कठड्यांवरून मुलामुलींना हुसकावून लावले जाई. जॅक्सनला पायघड्या घालणारे हात आणि शुभेच्छापत्रे जाळणारे हात एकच होते. यात विसंगती आहे असे वरवर वाटते. आम्हांला ती वाटत नाही. जॅक्सनचा नाच पैसे मोजून दुरून पाहावयाचा होता. त्याने घरातील, जातीतील, गल्लीतील कोणतीच व्यवस्था ढळत नव्हती. शुभेच्छापत्र मात्र एका मुलीच्या हातात पडणार होते, ते देणाऱ्याची जात कोणती आणि धर्म कोणता हे ठरलेले नव्हते, आणि ती ‘हो’ म्हणण्याचा संभव होता.

त्या दिवसांत आपण काय केले? ‘फायर’वरील हल्ल्याचा निषेध आपल्यापैकी पुष्कळांनी केला, तो कलावंतांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता आणि निषेधाची भाषा आपल्याला तोंडपाठ होती. पण १४ फेब्रुवारीच्या बाबतीत आपली जीभ अडखळली. पाश्चात्त्य बाजाराने लादलेला हा सण, त्याचे समर्थन आपण का करावे? आणि मारहाणीचे समर्थन तर शक्यच नव्हते. म्हणून आपण दोघांवरही सारखेच रागावलो आणि घरी बसलो. दुकानदाराने मुलांना बोलाविले, दंडुकेवाल्याने त्यांना हाकलले, आणि तिसरे कोणी तेथे नव्हते. शुभेच्छापत्र अमेरिकी होते, हे खरे. पण ज्या इच्छेने ते विकत घेतले गेले ती अमेरिकी नव्हती. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जाणारी मुलगी एस.टी.च्या थांब्यावर एखाद्या मुलाशी दोन शब्द बोलू इच्छीत होती, आणि भावाला कळले तर कॉलेज बंद होईल या धास्तीने बोलत नव्हती. तिच्यासाठी छापील पत्र ही चंगळ नव्हती. स्वतःच्या मनाने उचललेले ते पहिले पाऊल होते. ते पाऊल टाकावयास दुसरी वाट आपण करून दिली असती, तर दुकानाची पायरी तिला चढावी लागली नसती.

आणि ती वाट आपल्याकडे नव्हती असेही नाही. जात मोडावयाची तर आंतरजातीय विवाहाला राज्याने उत्तेजन द्यावे, सरकारी नोकरीसाठी ती पात्रता मानावी, असे डॉ. लोहिया सांगत. बलात्कार आणि वचनभंग सोडले तर स्त्री-पुरुषांमधील सारे संबंध न्याय्य आहेत, इतके निःसंकोचपणे म्हणणारा दुसरा राजकीय पुढारी या देशाला मिळालेला नाही. पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसलेल्या साने गुरुजींना कुमारवयीन मुलांचे मन जितके कळत होते तितके त्यांच्यानंतर कोणाला कळले? १९४१ साली निघालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत मुले-मुली एकत्र खेळत, एकत्र गात, आणि त्यांतून कितीतरी जातीबाहेरचे विवाह झाले. जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी गेल्यास त्याचे पुरावे चहा घेऊन समोर येतात. नव्वदीच्या मुलांना जे हवे होते ते आपल्या परंपरेत होते. १९९९ साली साने गुरुजींची जन्मशताब्दी आपण साजरी केली, हारतुरे झाले, व्याख्याने झाली. त्याच वर्षी आपल्याच घरातील मुले आपली नजर चुकवून आर्चीजच्या दुकानात जात होती. हे दोन प्रसंग एकमेकांशी संबंधित आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. गुरुजींच्या ते आले असते, असे आम्हांला वाटते.

भाषेची बाजूही थोडी अशीच आहे. इंग्रजी-हिंदीचे कडबोळे करून बोलणाऱ्या त्या निवेदकांना आपण नावे ठेवली, पण मराठी मुलाला त्याच्या वयाचे काही देणारी जागा फार उशिरा आली. उपग्रहावरची अल्फा मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झाली, आणि तिच्यावरही मालिकांचा विषय बहुतेक वेळा कुटुंबच राहिला. असो, हा विषय स्वतंत्रपणे घ्यावयास हवा.

आपण नव्हतो म्हणून काय झाले, याचा हिशेब पुढील वर्षांनी मांडला आहे. २०१४ च्या एप्रिलात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला, वरच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या संशयावरून, ठार मारून झाडाला टांगण्यात आले. २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, कारण साक्षीदार उलटले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर त्यातून आंतरजातीय हा शब्द काढला, आंतरधर्मीय तसाच ठेवला. दंडुका आता शासननिर्णयाच्या कागदावर उतरला आहे. आणि या साऱ्या काळात सत्तेच्या, शाळेच्या, सोसायटीच्या खुर्च्यांवर हळूहळू कोण येऊन बसले? तीच स्लॅमबुकची पिढी. खर्ड्याच्या उलटलेल्या साक्षीदारांत तिच्यातील कोणी असेल. गृहसंकुलात मुसलमानाला घर देऊ नये असे ठरविणाऱ्या बैठकीत ती हात वर करते, आणि त्याच रात्री भ्रमणध्वनीवर ‘कुछ कुछ’चे गाणे ऐकून हळवीही होते. हा दांभिकपणा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला त्यात एक अर्धवट राहिलेली गोष्ट दिसते. त्या पिढीला प्रेमाची चव दिली गेली, स्वातंत्र्याची दिली गेली नाही; आणि प्रेमाला स्वातंत्र्याचा आधार नसला की त्याचे स्मरणरंजन तेवढे उरते.

आता या स्मरणरंजनाचाही बाजार झालेला आहे. ज्या कॅम्पा पेयाने कोका-कोलाच्या गैरहजेरीत या देशातील लग्नमंडप सांभाळले, ते २०२३ साली पुन्हा दुकानांत आले, ते रिलायन्सच्या मालकीचे होऊन. म्हणजे १९७७ ची आठवणही अखेर त्यांनीच विकावयास काढली. यावर आणखी एक अग्रलेख लिहून भागणार नाही.

म्हणून एक लहान काम सुचवितो. चाळिशीतील या माणसांची मुले आज नेमकी पंधरा-सोळा वर्षांची आहेत. चार-पाच वर्षांत त्यांतली काही आपला जोडीदार स्वतः निवडतील, आणि तो जातीबाहेरचा किंवा धर्माबाहेरचा असेल. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अशा जोडप्याने नोटीस दिली की तीस दिवस त्यांची नावे विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसतील अशी लावली जातात. या तीस दिवसांत काय काय होऊ शकते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील विवाह अधिकाऱ्याचे कार्यालय कोठे आहे, तेथे कोणते कागद मागतात, नोटीस कोठे लावतात, हे जाऊन पाहून यावे. एखाद्या वकिलाला आधीच बोलून ठेवावे. त्या महिन्यापुरती मुलीला राहता येईल अशी दोन घरे शोधून ठेवावीत. विवाहाच्या दिवशी कायद्याला तीन साक्षीदार लागतात. बहुतेक जोडप्यांना ते मिळत नाहीत, कारण मित्र घाबरतात आणि नातेवाईक येत नाहीत. शाखेत तीन माणसे असतीलच. त्यांनी आपली नावे आणि पत्ते लिहून ते कनिष्ठ महाविद्यालयातील एखाद्या विश्वासू शिक्षिकेजवळ देऊन ठेवावेत.